मध्यस्थ

तालुक्याच्या प्रत्येक गावाला एक तहसील कचेरी, एक पोलीस ठाणं, एक बसस्थानक आणि एक मध्यस्थ असतो. पहिली तीन सरकार देतं, चौथा आपोआप उगवतो. बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, धाकट्या सुनेनं चूल वेगळी मागितली, मुकादमाची उचल घेऊन टोळी भलत्याच कारखान्याला ऊस तोडायला गेली, की दोन्ही बाजू त्याच्या ओट्यावर येऊन बसतात. तो दोघांना चहा पाजतो, दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि दोघांनाही सांगतो, "तुमचंही खरं आहे." परत जाताना दोन्ही बाजू एकमुखानं त्याला शिव्या घालतात. मध्यस्थाच्या हिशेबात याला समेट म्हणतात.

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आष्टीच्या अंगाला, या जातीचा जो नमुना आहे तो निवृत्त विज्ञान शिक्षक आणि चर्चच्या कमिटीतला पंच आहे. गाव त्यांना 'सर' म्हणतं, तेवढं आपल्याला पुरे. बाकीचे मध्यस्थ मोकळ्या वेळात झोपतात. सर मोकळ्या वेळात बायबल आणि डार्विन यांचा समेट घडवतात. या दोघांपैकी कोणीही त्यांच्याकडे तक्रार घेऊन आलेलं नव्हतं.

घराणं मूळ नगरकडचं. १८३१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी नगरला बस्तान मांडलं, १८४२ साली तिथून 'ज्ञानोदय' निघायला लागला, आणि त्या धामधुमीत कधीतरी सरांचे कोणी पूर्वज नव्या धर्मात आले. सर स्वतः शिकले नगर कॉलेजात. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली काढलेलं हे कॉलेज. काढणारा ख्रिस्ती, आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात डार्विन. सकाळी प्रार्थना करून दुपारी बेडूक चिरताना आपल्याला कधी काही अडलं नाही, असं सर सांगतात. अडचण नसणं ही त्यांची मुख्य अडचण. ज्याला स्वतःला प्रश्न पडलेला नसतो तो उत्तरं फार लवकर देतो.

बायबल आणि दहावीच्या विज्ञानाचा दुसरा भाग, दोन्हींना सरांनी एकाच तपकिरी कागदाचं कव्हर घातलंय. एका रविवारी वाचनाची पाळी त्यांची होती. चष्मा लावून, घसा खाकरून त्यांनी पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पाठ पहिला, आनुवंशिकता व उत्क्रांती." मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या सवयीनं "आमेन" म्हणाल्या. सर आजही म्हणतात, आपल्या मंडळीनं तो पाठ स्वीकारलेला आहे.

त्याच पाठात अवशेषांगं आहेत. आंत्रपुच्छ, अक्कलदाढा, माकडहाड, कानाचे स्नायू. माकडाला कान हलवता येतात, आपल्याला सहसा येत नाहीत. सरांना येतात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत दहावीच्या प्रत्येक तुकडीसमोर त्यांनी दोन्ही कान, मग नुसता डावा, मग नुसता उजवा हलवून दाखवलाय, आणि बोर्डात नापास झालेल्यांनाही तेवढं प्रात्यक्षिक लक्षात आहे. तोटा एवढाच की हे स्नायू सरांच्या पूर्ण ताब्यात नाहीत. प्रवचनात न पटणारं काही आलं की कान आपोआप हलतात. पाळकसाहेब व्यासपीठावरून बायबलाकडे कमी आणि सरांच्या कानांकडे जास्त बघतात, असं जाणकार सांगतात.

पाळकसाहेबांचं म्हणणं साधं आहे. देवानं सहा दिवसांत सृष्टी केली, सातव्या दिवशी विसावा घेतला, विषय संपला. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलातल्या वंशावळी बेरजेला लावून सृष्टीचं साल इसवीसनपूर्व ४००४ असं काढलं होतं. जुन्या इंग्रजी बायबलांच्या समासात ते छापलेलंही असे. पाळकसाहेब त्या सालावर अडून बसत नाहीत, पण त्याच्या फार मागेही जायची त्यांची तयारी नाही. आणि मंडळी ज्या बालाघाटाच्या काळ्या पाषाणावर बसून हे ऐकते तो पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. विहीर खणणारा गडी मुरूम संपून तो दगड लागला की वयाची चौकशी करत नाही, नुसता दर वाढवतो.

सरांची पहिली तडजोड अशी: दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत, दिवस म्हणजे युग. सहा दिवस म्हणजे सहा मोठाले कालखंड. बायबलही खरं, भूगर्भशास्त्रही खरं. ही तोड काही सरांनी शोधलेली नाही, एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी धर्मपंडितांनी आणि भूशास्त्रज्ञांनी ती वापरून झालीय. मला ती कधीच पटली नाही. एका बाजूला थोडं ओढायचं, दुसरीकडून थोडं कापायचं, आणि दोघांनाही आपलं नुकसान झालेलं कळू द्यायचं नाही, अशी ती आहे. ती मोडायला विद्वान लागलाच नाही. रविवारच्या शाळेत सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, झाडं तिसऱ्या दिवशी केली ना?"

"हो."

"आणि सूर्य चौथ्या दिवशी?"

"हो."

"मग एक दिवस कोट्यवधी वर्षांचा असंल तर झाडं तेवढी वर्षं अंधारात कशी जगली? प्रकाशसंश्लेषण तर तुम्हीच शिकवलं."

"प्रश्न चांगला आहे," सर म्हणाले. मास्तरांच्या भाषेत याचा अर्थ घंटा कधी होते असा असतो.

सर घरी आले आणि कपाटं उपसायला लागले. त्यांच्या पत्नी घरातल्या न्यायाधीश आहेत. मध्यस्थाच्या घरी एक तरी निकाल देणारं माणूस लागतंच. त्या म्हणाल्या, "अहो, दिवस केवढे होते ते सावकाश ठरवा. देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला तो सहा दिवस काम करून. तुम्ही सोमवारपासून काय केलंत ते सांगा, आणि नळाला पाणी आलंय."

पाणी भरून झाल्यावर सर संत ऑगस्टीनपाशी पोचले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या माणसानं उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यालाही ते दिवस आपल्या कॅलेंडरातले वाटत नव्हते. शिवाय त्यानं श्रद्धावंतांना बजावून ठेवलंय की आकाश, ग्रह, प्राणी यांबद्दल ज्या गोष्टी परधर्मीय माणूस अभ्यासानं जाणतो, त्यांबद्दल शास्त्राचा हवाला देऊन अडाण्यासारखं बोलू नका, हसं तुमचं होत नाही, शास्त्राचं होतं. डार्विन जन्माला यायला अजून चौदाशे वर्षं होती. हे उत्तर आधीच्या तडजोडीपेक्षा कितीतरी भक्कम. उत्पत्तीचा पहिला अध्याय सृष्टी कोणाची आहे ते सांगतो, ती कशी झाली याचा तो जमाखर्च नाही. सरांनी हे पुढच्या रविवारी सांगितलं तेव्हा मुलगी सर्दीमुळे आली नव्हती. बाकी पोरांना झाडांची काळजी नव्हती.

सरांच्या कपाटात साक्षीदार पुष्कळ आहेत. डार्विनला १८८२ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलं, हा त्यांचा हुकमी एक्का. "पाखंड्याला कोणी चर्चमध्ये पुरतं का?" पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली आणि जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असं मान्य केलं, हेही त्यांना पाठ आहे, पण आपली मंडळी प्रोटेस्टंट असल्यामुळे पोपची साक्ष चालत नाही. पोपचं नाव काढलं की डार्विन बाजूला राहतो आणि पाळकसाहेब सोळाव्या शतकातलं भांडण उकरतात.

शाळेत वेगळंच. तिथले मराठीचे गुरुजी सरांना डिवचायचे, "सर, तुम्हाला एवढी कसरत करावी लागते. आमच्याकडे बघा, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. डार्विननं आमचंच उचललं." सर मनातून थोडे हिरमुसत, कारण उत्पत्तीत मासा असला तरी त्याला एवढी बढती नाही. पण मध्यस्थ हरत नसतो. "मान्य. फक्त कासवानंतर थेट डुक्कर, मधलं सगळं सुटलंय. आणि परशुराम, राम, कृष्ण यांच्यात शरीराचा फरक काय पडला?" गुरुजी म्हणत, तेवढं समजून घ्यायचं असतं. सर म्हणत, बघा, आपण दोघं एकाच नावेत. त्यावर मधल्या सुट्टीत विवेकवादी चळवळीत फिरणारा एक तरुण शिक्षक दोघांनाही म्हणे की नावच सोडा, पोहायला शिका. सर त्यालाही म्हणत, "तुमचंही खरं आहे."

जानेवारी २०१८ मध्ये मात्र सरांची पंचाईत झाली. केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह वैदिक संमेलनाला औरंगाबादला आले आणि पत्रकारांना सांगून गेले की डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चूक आहे, आपल्या पूर्वजांपैकी कोणी माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं कुठं लिहिलेलं नाही, तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रकं काढली, मंत्र्यांच्या वरच्या मंत्र्यांनी त्यांना गप्प बसवलं. आमच्याकडे वेगळा चमत्कार घडला. पाळकसाहेबांनी वर्तमानपत्र घेऊन सरांचं घर गाठलं. "बघा, मंत्रीसाहेब काय म्हणतात." वैदिक संमेलनातल्या विधानाला चर्चच्या पायरीवरून आमेन मिळालं. आयुष्यभर धर्माधर्मांत समेट करू पाहणाऱ्या सरांच्या डोळ्यांसमोर तो झाला, आणि तो त्यांच्याविरुद्ध होता. पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्या एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग खरोखरच वगळला. आपल्या बोर्डाच्या पुस्तकातला पाठ जागेवर राहिला, तेव्हा सरांनी तपकिरी कव्हर नवं घातलं.

मधल्या काळात माकडंही भांडणात उतरली. डिसेंबर २०२१. माजलगाव तालुक्यातल्या लऊळला वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, घरांच्या माळवदांवर नेतात, ती पिल्लं मरतात, अशी बातमी आली आणि बीड जिल्हा एकदम जगाच्या नकाशावर गेला. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून हा सूड चाललाय, असं छापून आलं. मेलेल्या पिल्लांचा आकडा बघता बघता अडीचशेवर गेला. नागपूरच्या वनखात्याच्या पथकानं दोन वानरं धरून नेली. सूड कसला, वानरं पिल्लांना उवा काढायला कवटाळून बसतात आणि ती वर उपाशी मरतात, असंही काहींनी सांगितलं, पण त्याला सुडाची सर कुठून येणार?

चहाच्या टपरीवर सरांना घेरलं गेलं. "सर, तुमचे पूर्वज असं कामून करायलेत?"

"पूर्वज नाहीत," सर म्हणाले. या वाक्यासाठी ते बहुधा कॉलेजपासून थांबले होते. "माकडाचा माणूस झाला असं डार्विन म्हणतच नाही. आपला आणि त्यांचा पूर्वज एक. फार मागे, कोट्यवधी वर्षांमागे वाटण्या झाल्या. ती शाखा तिकडं गेली, आपली इकडं आली. वानर आपला बाप नव्हे, चुलत भाऊ."

टपरीवर शांतता पसरली. मग एक जण मान डोलावत म्हणाला, "चुलत भाऊ व्हय? मग बराबर हाय. भावकीच म्हनायची ती."

जगातल्या मोठमोठ्या जीवशास्त्रज्ञांना जे सामान्य माणसाच्या गळी उतरवता आलेलं नाही ते बीड जिल्ह्यात एका चहात उतरलं. मूळ पुरुष एक, वाटण्या झाल्या, एकाला बागायत आली, दुसऱ्याला माळ आला, आता दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि सुडाला पिल्लंही पुरत नाहीत. यात न समजण्यासारखं काय आहे? भावकीचं चित्र शास्त्रीयदृष्ट्या चोख आहे. फक्त त्यानंतर गावातल्या एका चुलत भावानं दुसऱ्याला 'वानर' म्हटलं, प्रकरण ठाण्यापर्यंत गेलं, आणि मध्यस्थीला सरांनाच जावं लागलं.

एवढा विजय पदरात पडल्यावर माणूस थांबला असता. सर थांबले नाहीत. त्यांनी रविवारच्या शाळेची सहल पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात नेली. मोर हा त्यांच्या मते दोन्ही पक्षांचा आवडता साक्षीदार. एवढा पिसारा पळायला अडचणीचा, शिकाऱ्याला सोयीचा. डार्विनला तो छळत होता. एप्रिल १८६० मध्ये त्यानं एसा ग्रे याला पत्रात कळवलं की मोराच्या पिसाकडे नजर गेली तरी मला मळमळतं. पुढे त्यानं तोड काढली की लांडोरच निवड करते आणि तिच्या आवडीनं पिसारा वाढतो, आणि १८७१ मध्ये ती सविस्तर मांडली. सर मुलांना सांगत होते ते या ग्रेबद्दल. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ, नियमानं चर्चला जाणारा, आणि अमेरिकेत डार्विनच्या बाजूनं उभा राहिलेला पहिला मोठा माणूस. "ज्या बोस्टनच्या संस्थेनं नगरला मिशनरी पाठवले, त्या बोस्टनच्या नदीपलीकडे हा राहायचा. आपल्याला बायबल ज्या गावाहून आलं त्याच्या शेजारच्या गावाहून डार्विनचाही पाठीराखा आला. समजलं?" पोरांना समजलं एवढंच की डार्विनला मोर बघून उलटी येत होती. घरी जाऊन त्यांनी तेच सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, यावरूनच माणसाची परीक्षा होते.

खरा समेट झाला तो कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर. तोही अर्धाच. २०१७ चा हंगाम. गुलाबी बोंडअळीनं कापूस आतून पोखरलेला. बाहेरून बोंड टवटवीत, फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. मंडळीतला एक शेतकरी तिथं खंतावलेला बसला होता. उत्क्रांती हे सैतानाचं काम, असं मानणाऱ्यांपैकी तो.

"बियाणं बोगस निघालं, सर."

"बियाणं तेच आहे. अळी बदलली."

"अळी कशी बदलंल? देवानं केली तशीच राहणार की."

सरांचे कान हलले. मग ते सावकाश सांगत गेले. बीटी कापूस २००२ मध्ये आला, बोंडातच अळीचं विष. दुसऱ्या विषाचं सुधारित वाण २००६ मध्ये आलं. लाखो अळ्या मेल्या. पण लाखांत एखादी अशी असतेच की तिला ते विष बाधत नाही. मरणाऱ्या मेल्या, उरली तिची पिल्लं. त्यांचीही पिल्लं. त्यात आपण फरदड घेतली, डिसेंबरनंतरही पऱ्हाटी रानात उभी ठेवली, म्हणजे अळीला वर्षभर मुक्काम. रान सगळं बीटीचं, म्हणजे बाधणाऱ्या अळीला जागाच नाही. "पाकिटात एक लहान पुडी येत होती ना, एकशेवीस ग्रॅमची? बिगर-बीटी?"

"ती व्हय? ती आम्ही बांधावर फेकतो."

"ती कडेनं लावायची होती. त्यात साध्या अळ्या जगतात, त्यांची पाखरं या निगरगट्ट पाखरांशी जुगतात, आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. ती पुडी ज्यानं ठरवली त्यानं डार्विन वाचलेला होता."

शेतकरी बराच वेळ हिशेब करत बसला. "म्हणजे उत्क्रांती माझ्या रानात झाली. आणि मला नोटीस न्हाई?"

"अशीच होते ती."

"बरं. अळीचं मान्य," तो उठत म्हणाला. "माणसाचं न्हाई."

सरांनी त्या रात्री डायरीत लिहिलं की अर्धा समेट झाला. माझ्या मते तो पाऊणापेक्षा जास्त होता. बायबल मानणारा माणूस रानात नुकसान सोसून उत्क्रांती मान्य करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिकासाठी प्रार्थनाही करतो, यात त्याला विसंगती दिसत नाही आणि मलाही दाखवता येत नाही.

एके ठिकाणी मात्र सरांची मध्यस्थी चालत नाही. त्यांच्या ओसरीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी माती आणून घर बांधते. आत अंडं घालते, अळीला नांगी मारून लुळी करते, मारत नाही, तीही आत कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी जिवंतपणी खात मोठं होतं. सातवीतल्या त्याच मुलीनं विचारलं, "सर, ही पण देवानंच केली?" मोराच्या पत्रानंतर दीड महिन्यानं, मे १८६० मध्ये, डार्विननं ग्रेला असल्याच एका माशीबद्दल लिहिलं होतं. दयाळू, सर्वशक्तिमान देवानं ही मुद्दाम निर्माण केली असेल हे माझ्या मनाला पटवता येत नाही, असं. डार्विनला हाडांनी आणि दगडांनी जेवढं हलवलं नसेल तेवढं जगातल्या दुःखानं हलवलं. सर तिला म्हणाले, "मला माहीत नाही." प्रश्न चांगला आहे, असं म्हणाले नाहीत. झाडू घेऊन मातीचं घर खरवडायला आलेल्या पत्नीला त्यांनी तेवढं राहू द्यायला सांगितलं, आणि त्या खरंच परत गेल्या.

मुलीनं हा प्रश्न घरी नेला, घरच्यांनी पाळकसाहेबांकडे नेला, आणि कमिटी बसली. ठराव सौम्य होता. सरांच्या सेवेबद्दल मंडळी ऋणी आहे. यापुढे उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय पाळकसाहेब शिकवतील. सरांनी बाराव्यापासून पुढचे घ्यावेत. तिथून अब्राहाम सुरू होतो. सृष्टी नाही, आदाम नाही, नोहाचं तारू नाही, डार्विनला शिरायला फट नाही. सरांनी सही केली. पहिले काही रविवार इतके शांत गेले की पाळकसाहेब मागच्या बाकावर हजेरीचं रजिस्टर घेऊन निश्चिंत डुलक्या काढू लागले.

तिसावा अध्याय आला. याकोब सासऱ्याची, लाबानाची, शेरडं राखतो. ठरतं असं की ठिपक्यांची करडं याकोबाची. याकोब सोललेल्या काठ्या पाण्याच्या डोणीपुढं रोवतो आणि कळप ठिपक्यांची करडं द्यायला लागतो. धडधाकट शेरडांपुढेच तो काठ्या रोवतो, मरतुकडी सासऱ्याला सोडतो.

"सर, आमच्या काळ्या शेळीला ठिपक्याचं करडू झालंय," एक पोरगा म्हणाला. "आम्ही काठ्या न्हाई रोवल्या."

सरांनी फळा ओढला. ब्रनो नावाच्या गावातला मेंडेल, मठातला संन्यासी, वाटाण्याची रोपं, १८६६ चा निबंध. चार घरांचा चौकोन काढला. दोन काळ्यांच्या पोटी ठिपका कसा लपून येऊ शकतो ते खडूनं दाखवलं. काठ्यांचा संबंध नाही, म्हणाले.

रजिस्टर मिटलं. "सर, काठ्यांचं वचनात लिहिलंय."

"लिहिलंय, पाळकसाहेब. पण पुढचा अध्याय उघडा. याकोब स्वतः बायकांना स्वप्न सांगतो. त्यात कळपावर चढलेले बोकड कसे आहेत?"

पाळकसाहेबांनी एकतिसावा अध्याय काढला. बोटानं ओळ धरून वाचला. पुन्हा वाचला. त्यांच्याकडे चार उस्मानाबादी शेळ्या आहेत.

"म्हणजे सगळं बोकडावर आहे म्हणता?"

"निम्मं."

पाळकसाहेब उठून फळ्याजवळ आले आणि चौकोनाकडे बघत, पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "पुढच्या बाजाराला एक बोकड घ्यायचाय. याल का बरोबर?"

"येतो," सर म्हणाले. "पण आधी त्याची आई दाखवायला सांगू."